'न जुमानणे': नकारातच जगणारा शब्द

'मी त्यांना जुमानतो' हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. व्याकरणात कुठेही चूक नाही, तरी कानाला खटकतं. मराठीत असं कुणी बोलत नाही. 'मी त्यांना जुमानत नाही' म्हटलं की तेच क्रियापद चपखल बसतं. 'जुमानणे' आपण जवळजवळ नेहमी नकारातच वापरतो: जुमानत नाही, जुमानलं नाही, न जुमानता, जुमानेनासा झालाय. वाक्यात नकार दिसत नसेल, तर तो प्रश्नात दडलेला असतो. 'तो कुणाला जुमानतो?' या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असतं.

या एका लकबीत मला त्या शब्दाचा सगळा अर्थ साठवलेला दिसतो. 'नाही' म्हणायला आधी कुणीतरी काहीतरी फर्मावलेलं असावं लागतं. हुकूम, बंदी, धमकी, दटावणी, वहिवाट, काहीही चालेल; पण समोरून काहीतरी आलेलं हवं. एकट्या माणसाला एकांतात कुणाला न जुमानता येत नाही. धाडस एकट्याने करता येतं, हट्ट एकट्याने धरता येतो, पण न जुमानायला समोर कुणीतरी लागतो, आणि त्या कुणाला तरी आपलं ऐकलं जाईल अशी खात्री असावी लागते.

ही खात्री कुठून येते? अधिकारातून. म्हणून हा शब्द सहसा खालून वर जातो. 'शिपायाने साहेबाला जुमानलं नाही' हे सहज बोललं जातं. 'साहेबाने शिपायाला जुमानलं नाही' हे विचित्र वाटतं, कारण साहेबाने शिपायाचं ऐकावं अशी अपेक्षाच नव्हती. मग 'प्रशासन नागरिकांना जुमानत नाही' असं आपण म्हणतो ते कसं? इथे बोलणारा एक मोठी गोष्ट गृहीत धरतो आहे. नागरिक वर आहेत आणि प्रशासनाने त्यांचं ऐकायला हवं, असं तो ठासून सांगतो आहे. हे वाक्य तक्रारीचं वाटतं, पण त्यात लोकशाहीची अख्खी व्याख्या बसली आहे. मला हा वापर फार मोलाचा वाटतो.

दुसरी अट उघडपणाची. न जुमानणारा माणूस लपत नाही. समजा, एका रस्त्यावर जमावबंदी लागू आहे, म्हणजे पाच किंवा अधिक जणांनी एकत्र येण्यास मनाई आहे. एक जण आपली माणसं घेऊन मागच्या गल्लीतून, कुणाच्या नजरेस न पडता पलीकडे पोचतो. त्याने बंदी चुकवली. दुसरा तीत पळवाट शोधतो, आम्ही चौघेच आहोत म्हणतो. तिसरी एक बाई भर दुपारी, त्याच रस्त्याच्या मधोमध, हातात फलक आणि मागे मोर्चा घेऊन चालत येते. तिने बंदीला जुमानलं नाही. बंदी तिघांनाही नको होती, पण हा शब्द फक्त तिसरीलाच लागू पडतो, कारण आपण काय करतो आहोत हे बंदी घालणाऱ्याला दिसावं अशीच तिची इच्छा आहे. याच उघडपणासाठी मराठीत एक ठसकेबाज वाक्प्रचार आहे: नाकावर टिच्चून. ज्याने नको म्हटलं, त्याच्याच डोळ्यांदेखत ती गोष्ट करून दाखवायची. शेजारच्या खोलीत केली तर ते नाकावर टिच्चून होत नाही.

नकाराचं कुटुंब

'न जुमानणे' एकटं नाही. मराठीत निधड्या प्रतिकाराचे बरेच शब्द असेच नकारातून घडलेले आहेत. धमक्यांना भीक घातली नाही. दबावाला बधला नाही. लाठ्या पडल्या तरी डगमगला नाही. चौकशीला दाद दिली नाही. 'भीक घालणे' एरवी शब्दशः भिक्षा देणे. पण धमकीच्या संदर्भात 'त्याने धमकीला भीक घातली' असं होकारार्थी कधी ऐकलं आहे का? धमकी आणि भीक यांची गाठ पडते ती फक्त 'न घालण्या'साठी. ते चित्रही बघण्यासारखं आहे. धमकी देणारा दारात उभा आहे, हात पसरून तुमच्या भीतीची याचना करतो आहे, आणि तुम्ही त्याला चिमूटभरही भीती वाढत नाही. एका वाक्प्रचाराने देणारा-घेणारा उलटेपालटे केले.

'दाद'ची गोष्ट आणखी वेगळी. फारसीत दाद म्हणजे न्याय. आपल्याकडे तिच्या तीन वाटा झाल्या. न्यायालयात दाद मागतात, गाण्याला दाद देतात, आणि दटावणीला दाद देत नाहीत. तिसऱ्या अर्थात दाद म्हणजे समोरच्याच्या जोराचा आपल्यावर परिणाम झाल्याची कबुली. ती कबुलीच द्यायची नाही. म्हणून डॉक्टरही म्हणतात, ताप औषधाला दाद देत नाही. तापाला मन नाही, हट्ट नाही, तरी भाषेने त्याला पाय रोवून उभा केला. पाऊस, थंडी, ऊन यांचंही तसंच. 'पावसाला न जुमानता लोक थांबून राहिले' म्हणताना आपण पावसाला हुकूम सोडणारा अधिकारी करून टाकतो, 'घरी जा' म्हणणारा.

यातला 'बधणे' मात्र जपून वापरावा. बधणे म्हणजे कुणाच्या दबावामुळे, विनवणीमुळे किंवा लालूच दाखवल्यामुळे विरघळणे. त्यामुळे न बधणारा माणूस गोड बोलण्यालाही पुरून उरतो. धमकीला भीक न घालणारे पुष्कळ निघतात. आर्जवाला न बधणं त्याहून अवघड, असं माझं मत आहे.

नकाराशिवाय उभे राहणारे शब्दही आहेत, आणि त्यांत हात-पाय दिसतात. झुगारणे म्हणजे मुळात जोराने भिरकावणे. म्हणून जे अंगावर लादलेलं असतं तेच झुगारलं जातं: जोखड, बंधनं, गुलामी, बंदी, पक्षाचा आदेश. धुडकावणे म्हणजे दारात आलेल्याला हाकलून लावणे. म्हणून जे पुढे केलं जातं ते धुडकावतात: प्रस्ताव, देकार, मागणी, सल्ला. आणि 'फेटाळणे' हे अधिकार असलेल्याचं काम; न्यायालय अर्ज फेटाळतं, सभागृह ठराव फेटाळतं. कामगारांनी व्यवस्थापनाचा प्रस्ताव 'फेटाळला' असं लिहिलं की कामगार एकदम न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतात, 'धुडकावला' लिहिलं की ते कारखान्याच्या फाटकावर उभे दिसतात. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. पण ज्याला गमावण्यासारखं काही होतं त्याच्या नकाराला 'फेटाळला' म्हणणं म्हणजे त्याने उचललेली जोखीम पुसून टाकणं. माझ्यासमोर असा मजकूर आला की मी हा एक शब्द बदलल्याशिवाय पुढे जात नाही.

कायदा मोडला की रूढी?

कुणी न जुमानलं हे सांगून भागत नाही. काय जुमानलं नाही हेही अचूक सांगावं लागतं. इतिहासाबद्दल लिहिताना इथेच सर्वांत जास्त गफलत होते. दोन उदाहरणं शेजारी ठेवू.

१९३० साली गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला. २ मार्चला त्यांनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहून आपण काय करणार आहोत हे आधीच कळवलं. १२ मार्चला साबरमतीहून निघून, सुमारे ३८५ किलोमीटर चालून ते दांडीला पोचले आणि ६ एप्रिलला त्यांनी मीठ उचललं. आधी कळवणं, दिवसाढवळ्या करणं, शिक्षा होईल ती भोगायला तयार असणं, हे सगळं मिळून 'सविनय कायदेभंग' हा शब्दप्रयोग उभा राहतो. 'सविनय' आणि 'भंग' हे दोन शब्द एकत्र नांदणं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अशक्य वाटतं. मोडतोड नम्र कशी असेल? उत्तर कृतीच्या रीतीत आहे. कायदा मोडणारा कायद्याच्या रखवालदाराशी उद्धटपणे वागत नाही आणि शिक्षेपासून पळतही नाही. १९२२ मध्ये अहमदाबादेत राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा गांधीजींनी आरोप मान्य करून न्यायाधीशांकडे जास्तीत जास्त शिक्षा मागितली होती. सहा वर्षांची शिक्षा झाली.

या चळवळीत महाराष्ट्राने एक फार व्यावहारिक प्रश्न सोडवला. शिरोड्याला, वडाळ्याला मिठागरं होती, तिथे मिठाचा सत्याग्रह झाला. पण ज्यांच्या गावाला समुद्रच नाही त्यांनी कुठला कायदा मोडायचा? त्यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं, लाकूड तोडलं. बिळाशी, संगमनेर, चिरनेर ही नावं जंगल सत्याग्रहाशी जोडली गेली ती अशी. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला. 'कायदेभंग' हा शब्द या सगळ्या प्रसंगांना अगदी नेमका लागू पडतो, कारण इथे सरकारचा लेखी कायदा होता आणि तोच मोडला गेला.

आता महाड. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले, ओंजळीने पाणी घेतलं आणि प्यायले. मागून हजारोंचा समुदाय होता, तोही प्यायला. या घटनेला कुणी 'कायदेभंग' म्हटलं तर ते साफ चूक आहे. १९२३ मध्येच मुंबईच्या विधिमंडळात समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता आणि त्यानुसार सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांनाही खुले व्हायला हवे होते. महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कायदा पाणी पिणाऱ्यांच्या बाजूने होता. त्यांना अडवत होती ती रूढी. आणि रूढीचा हुकूम कुठेही लिहून लावलेला नसतो, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांत असतो, म्हणून तो मोडायला जास्त बळ लागतं. त्या दिवशी परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, नंतर तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. शिक्षा झाली, पण ती कुठल्या न्यायालयाने दिली नव्हती.

डिसेंबरातला प्रसंग तर शब्दांच्या दृष्टीने आणखी बारकाईने पाहावा असा आहे. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला पुन्हा परिषद भरली. या वेळी विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. आता पाणी पिणं म्हणजे न्यायालयाचा हुकूम मोडणं झालं असतं. जमलेले लोक सत्याग्रहाला आतुर असतानाही बाबासाहेबांनी त्यांना समजावून तो स्थगित केला आणि लढाई न्यायालयात लढली. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. मात्र त्याच २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. म्हणजे न्यायालयाला मान दिला आणि रूढीच्या मुळावर घाव घातला, एकाच परिषदेत, एकाच ठिकाणी. 'रूढी झुगारली' आणि 'कायदा पाळला' ही दोन्ही वाक्यं इथे एकाच वेळी खरी आहेत. नुसतं 'बंड केलं' म्हटलं की हा सगळा विचार हरवतो.

कायद्याचा आणि रूढीचा हा फरक १९३० च्या एका तारखेत गोठून राहिला आहे. ज्या २ मार्चला आयर्विन यांना पत्र गेलं, त्याच दिवशी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. एकीकडे साम्राज्याचा कायदा, दुसरीकडे देवळाचा बंद दरवाजा.

त्याच वर्षाच्या अखेरीस, १२ डिसेंबरला, मुंबईत काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापडाने भरलेला एक ट्रक चालला होता. बाबू गेनू नावाचा तरुण गिरणी कामगार त्याच्यापुढे आडवा झाला. ट्रक थांबला नाही. इथे 'विरोध केला' हे शब्द अपुरे पडतात, विरोध सभेतही करता येतो. 'निषेध' तर पुष्कळदा कागदावरच होतो. 'प्रतिकार' म्हटलं तर आधी अंगावर हल्ला आलेला लागतो, म्हणून शरीराची ती रोगप्रतिकारशक्ती. बाबू गेनूंवर कुणी चालून आलं नव्हतं. ते स्वतः चाकापुढे गेले. चाकाला जुमानलं नाही, असंच म्हणावं लागतं, आणि तेवढंच पुरेसं आहे.

बंड कोण म्हणतो

क्रियापदं कृती दाखवतात. नामं मात्र बोलणाऱ्याची जागा उघडी पाडतात. १८५७ ला इंग्रजांनी शिपायांचं बंड म्हटलं आणि आपल्याकडेही बरीच वर्षं ते नाव चाललं. सावरकरांनी १९०९ मध्ये त्याच घटनेला स्वातंत्र्यसमर म्हटलं. आजचं पाठ्यपुस्तक पुष्कळदा मधला, शांत शब्द घेतं: उठाव. उठाव म्हणजे नुसतं उठणं, त्यात दोषही नाही आणि गौरवही नाही. वासुदेव बळवंत फडके १८७९ मध्ये ब्रिटिशांविरुद्ध उभे राहिले. सरकारच्या लेखी ते दरोडेखोर होते, लोकांच्या तोंडी बंडवाले, आणि आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतो. माणूस तोच, एडनच्या तुरुंगात १८८३ मध्ये ज्याचा मृत्यू झाला.

'दरोडेखोर' आणि 'बंडखोर' यांतला 'खोर' फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ खाणारा. आपल्याकडे हा प्रत्यय ज्यांना ज्यांना चिकटला ते बघा: लाचखोर, नफेखोर, चुगलखोर, भांडखोर, दंगेखोर, हरामखोर. चांगल्या गोष्टीला तो लागतच नाही. म्हणजे 'बंडखोर' हा शब्द जन्माला आला तोच वाईट संगतीत. आणि तरी या सगळ्या रांगेतून हा एकटाच बाहेर पडला. 'बंडखोर कवयित्री' ही आज स्तुती आहे. 'लाचखोर' कधी स्तुती होईल अशी कल्पनाही करवत नाही. निवडणुका आल्या की मात्र हाच शब्द पुन्हा खाली उतरतो. उमेदवारी न मिळालेला जो कुणी अर्ज भरतो तो बंडखोर, आणि माघारीच्या दिवशी बातमी येते की बंडोबा थंडोबा झाले. इतकं सोसून कमावलेला शब्द तिकिटाच्या भांडणावर खर्च व्हावा, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

'विद्रोह'चा प्रवास याहून लांबचा. त्याच्या पोटात 'द्रोह' आहे, म्हणजे विश्वासघात: मित्रद्रोह, स्वामिद्रोह, राजद्रोह. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली ती राजद्रोहाच्या आरोपावर. अशा कलंकित घरातला हा शब्द दलित साहित्याने उचलला, १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली त्या काळात तो सभांत आणि कवितांत घुमला, आणि १९९९ मध्ये धारावीत पहिलं विद्रोही साहित्य संमेलन भरलं तेव्हा तो फलकावर अभिमानाने झळकला. ज्या व्यवस्थेने आपल्याला माणूसच मानलं नाही, तिच्याशी निष्ठा ठेवण्याचा प्रश्न येतोच कुठे? निष्ठाच नसेल तर द्रोह कसला? शब्दाचा अर्थ त्याच्या आतून असा फिरवला गेला. कोशात तो नंतर नोंदवला जाईल, लोकांनी तो आधी जगून दाखवला.

अधिकारावरच्या माणसाची शब्दसंपदाही ओळखून ठेवावी. ज्याला आपण न जुमानणं म्हणतो त्याला तो उद्धटपणा, मुजोरी, माजोरडेपणा म्हणतो. घरातली वडीलधारी म्हणतात, 'आता अरेला कारे करायला लागलाय.' या शब्दांत तथ्य नसतंच असं नाही. 'चोर तो चोर वर शिरजोर' ही म्हण खोटी नाही. चूक आपलीच असताना आवाज चढवणारे असतात, त्यांना निर्भीड म्हणण्याचं कारण नाही. ओळखायची एक खूण सांगता येते. मुजोराची झळ त्याच्याहून दुबळ्या माणसाला लागते. न जुमानणाऱ्याची किंमत तो स्वतः मोजतो.

आणि पदावर बसूनच वरिष्ठाला सुनावणाऱ्यासाठी मराठीने वेगळाच शब्द राखून ठेवला आहे: बाणेदार. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये खून झाला, त्या प्रकरणी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे या शब्दाचं चालतंबोलतं उदाहरण झाले. बाणेदारपणा उत्तरात असतो, म्हणून 'बाणेदार उत्तर' म्हणतात. 'बाणेदार मोर्चा' कुणी म्हणत नाही.

जाता जाता वापराबद्दल दोन गोष्टी. भूतकाळात कर्त्याला 'ने' लागतो: तिने कुणालाही जुमानलं नाही. माणसाला 'ला' हवाच, पण वस्तूला तो टाळता येतो, आणि मग क्रियापद वस्तूप्रमाणे चालतं: तिने धमकी जुमानली नाही, तिने बंदी जुमानली नाही, तिने हुकूम जुमानला नाही.

आणि 'न जुमानता' हे रूप वाक्य पुरं करत नाही. 'विरोधाला न जुमानता' एवढंच लिहून थांबलात तर वाचणारा लगेच विचारतो, मग काय केलं? पुढे पूर्ण क्रियापद यावंच लागतं. न जुमानता बोलली. न जुमानता शाळेत गेली. न जुमानता तळ्याच्या पायऱ्या उतरली आणि पाणी प्यायली.